प्रतिकूल बाजूला कोणी आहे का?

निपाणीत वाद घालायला माणूस शोधावा लागत नाही. स्टँडवर महाराष्ट्राची एसटी आणि कर्नाटकाची बस शेजारी शेजारी लागतात. त्यातली आधी कोणती सुटणार यावर दोन पाहुणे हुज्जत घालत बसतात आणि त्या नादात दोन्ही सुटतात. तंबाखूचा दर, वेदगंगेचं पाणी, लग्नातला मानपान, कोल्हापूरचा तांबडा रस्सा खरा की आपला, यातल्या कुठल्याही विषयावर इथं दोन तट पडतात आणि तिसरा तट चहा सांगतो. अशा मुलखात शाळकरी पोरांची वादविवाद स्पर्धा वाद घालायला कोणी मिळेना म्हणून बंद पडावी, हे म्हणजे आळंदीत टाळ मिळेनात म्हणून भजन रद्द झाल्यासारखं आहे.

पण पडली. निपाणी आणि आसपासच्या गावांतल्या मराठी शाळांची ही स्पर्धा गणपती उठले की दसऱ्याच्या सुट्टीच्या आत होत असे. मी तिथं बरीच वर्षं परीक्षक होतो. परीक्षकाला लागणारे दोन्ही गुण माझ्या अंगी होते : घर शाळेजवळ होतं आणि मी मानधन मागत नव्हतो. स्पर्धेचं नाव सांगत नाही, कारण तिचे संस्थापक हयात आहेत आणि वादाला तयार असतात.

स्पर्धा नवख्यांची होती. पाचवी ते आठवीची मुलं, आणि अट एकच, पण कडक : यापूर्वी कुठल्याही भाषणाला बक्षीस मिळालेलं नसावं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभं राहणारा, माइक आपल्या कपाळाच्या उंचीवर आहे हे पाहून घाबरणारा आणि 'सन्माननीय व्यासपीठ' म्हटल्यावर पुढचं सगळं विसरणारा, हाच आमचा अधिकृत उमेदवार. दोन शाळा आमनेसामने, प्रत्येकी दोन वक्ते. चार मिनिटं बोलायचं, तिसऱ्या मिनिटाला पहिली घंटा, आणि सगळ्यांचं झालं की एकेक मिनिट समोरच्याचं म्हणणं खोडायला. अनुकूल कोण आणि प्रतिकूल कोण, हे अर्धा तास आधी चिठ्ठी उचलून ठरायचं.

ही चिठ्ठी म्हणजे त्या स्पर्धेचा प्राण होता. सकाळी रिक्षात 'गृहपाठ हवाच' म्हणून मित्राशी भांडत आलेला पोरगा चिठ्ठी उघडून 'गृहपाठ बंद करा' म्हणायला उठायचा, आणि तिसऱ्या मिनिटाची घंटा होईपर्यंत ते त्याला मनापासून पटलेलं असायचं. आपण ज्याच्या विरुद्ध आहोत त्याच्याकडेही दोन-चार बरे मुद्दे असतात, हा धक्का बाराव्या वर्षी बसलेला बरा. पन्नाशीत बसला तर रक्तदाब वाढतो.

जगात ही काही नवी गोष्ट नाही. १९८८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत आजही काही विषय तासभर आधी हातात पडतात, बाजू संघाला निवडता येत नाही, आणि समोरचा बोलत असताना मध्येच उभं राहून प्रश्न विचारायची मुभा असते. आपल्याकडे मध्येच उभ्या राहिलेल्या मुलाला 'एक नंबरला जायचंय का?' एवढंच विचारतात.

एका वर्षी सहावीतली एक मुलगी प्रतिकूल बाजूनं बोलायला उठली. विषय होता शाळेला गणवेश असावा का. तिच्या आधीचा मुलगा चांगला बोलला होता : गणवेशात गरीब-श्रीमंत कळत नाही, सकाळी काय घालू हा प्रश्न उरत नाही, वगैरे. ही माइकसमोर आली, कागद उघडला, मिटला आणि म्हणाली, "अध्यक्ष महाराज, आत्ता हा जे बोलला ते मला पटलं." आणि जाऊन बसली. सभागृह हसलं. आम्ही तिघे परीक्षक एकमेकांकडे बघत राहिलो. सकाळपासून त्या सभागृहात दुसऱ्याचं बोलणं ऐकलेली ती एकटीच होती, आणि आमच्या तक्त्यात विषयप्रतिपादन, भाषाशैली, हावभाव, वेळेचं भान असे रकाने होते; ऐकण्याचा नव्हता. मी वेळेच्या भानाला पैकीच्या पैकी दिले. दहा सेकंदांत आटोपणारा वक्ता मराठीत पुन्हा कधी होईल, सांगता येत नाही.

ऱ्हास सुरू झाला तो पालकांच्या प्रेमातून. 'विज्ञान : शाप की वरदान' हा विषय होता, आणि तो सात-आठ वर्षांतून एकदा येतोच. एक वडील स्पर्धा चालू असतानाच स्टेजमागे आले. "सर, पोरानं पंधरा दिस 'वरदान' पाठ केलंय, आन् तुम्ही त्येला 'शाप' दिलासा!" यावर उत्तर देणं अवघड होतं. पोरगा कोपऱ्यात रडत होता. पंधरा दिवस घरात आई, आजी आणि बारकी बहीण यांच्यासमोर 'वरदान' इतक्यांदा झालं होतं की बहिणीलाही पाठ होतं. आम्ही त्याला समजावलं की शापाचे मुद्देही तुला येत असतील. तो हुंदके देत म्हणाला, "येत्यात, पर त्ये समोरच्यासाठी हाईत."

दुसरा घाव तंबाखूनं घातला. 'तंबाखूच्या लागवडीवर बंदी घालावी' हा विषय निपाणीत ठेवणारा संयोजक शूर होता यात शंका नाही. बिडीच्या तंबाखूवर हे गाव उभं आहे. समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरचं रान तंबाखूचं, कोणाची आई वखारीत, कोणाची आजी बिड्या वळणारी. त्यातून चिठ्ठी अशी निघाली की तंबाखूवाल्या शेतकऱ्याच्या पोराला बंदी मागायची होती आणि ज्या मास्तरांनी व्यसनमुक्तीची शपथ दिली त्यांच्या पोराला तंबाखू वाचवायचा होता. दोघंही उत्तम बोलले. कर्करोगावर तर इतकं परिणामकारक बोलणं झालं की पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्यानं तोंडातली गुळणी टाकायला बाहेर जाऊन यायचं ठरवलं. प्रमुख पाहुणे एक तंबाखूचे व्यापारी होते, ढाल त्यांनीच दिलेली होती. त्यांनी सगळी भाषणं शांतपणे ऐकली, टाळ्या वाजवल्या आणि समारोपात म्हणाले, "मुलांनी मुद्दे चांगले मांडले. मी स्वतः खात नाही."

त्यांना काही वाटलं नाही, पण शेतकऱ्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. आमच्याच पोराच्या तोंडून आमच्या पिकावर बंदी? मी त्याला ऑक्सफर्डची गोष्ट सांगितली. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी तिथल्या विद्यार्थ्यांच्या वादसभेनं 'आम्ही राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही' असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर केला, साऱ्या इंग्लंडात गहजब झाला, आणि सहा वर्षांनी युद्ध पेटलं तेव्हा त्याच पिढीतली पोरं गणवेश चढवून गेली. वादसभेतलं बोलणं म्हणजे कोर्टातली जबानी नव्हे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खरं हाय सर. पर त्यास्नी उद्या निपाणीच्या बाजारात तोंड दाखवायचं नव्हतं."

तेव्हा चिठ्ठी गेली. कोणी दुष्टपणानं घालवली नाही. ज्यानं जी बाजू तयार केली आहे ती त्याला मिळावी, यात अन्याय तो काय? नियम दुरुस्त झाला आणि पुढच्या वर्षी सगळ्यांनी अनुकूल बाजू तयार करून आणली. विषय 'वृक्षसंवर्धन काळाची गरज' असा होता. झाडं तोडावीत म्हणायला कोण येणार? सूत्रसंचालक सर माइकवर तीन-तीनदा पुकारत होते : "प्रतिकूल बाजूला कोणी आहे का? हॅलो, हॅलो... प्रतिकूल?" शेवटी मागच्या रांगेतून एक पेन्शनर काका हात वर करून उठले. त्यांना यापूर्वी कुठल्याही भाषणाला बक्षीस मिळालेलं नव्हतं, त्यामुळे नियमात बसत होते. नुसती इयत्ता आडवी आली.

वादाला दुसरी बाजूच उरली नाही, तेव्हा समितीनं पुढची सुधारणा केली. वादविवादाऐवजी वक्तृत्व स्पर्धा घेऊ. वक्तृत्व आलं की खोडून काढणं गेलं, आणि ते गेलं की समोरच्याचं ऐकायची गरजही गेली. मग भाषण मुलानं लिहिण्याचंही कारण उरलं नाही. ते मास्तर लिहू लागले, आणि मास्तरांना वेळ नसला की पुस्तकातून येऊ लागलं. स्टँडसमोर 'आदर्श भाषणे' छापाचं पुस्तक मिळतं आणि ते सगळ्या शाळांनी घेतलं होतं. लागोपाठ तीन मुलांनी 'माझे आजोबा मला नेहमी एक गोष्ट सांगतात' अशी सुरुवात केली आणि तिघांच्या आजोबांनी अक्षरशः तीच गोष्ट सांगितली. चौथ्या मुलाचे आजोबा खरोखरच सभागृहात होते. ते गोंधळून शेजारच्याला म्हणाले, "ही मी कवा सांगितली?"

हातवाऱ्यांचंही असंच. 'आभाळाएवढा' म्हटलं की दोन्ही हात वर, 'माझ्या हृदयात' म्हटलं की उजवा हात छातीवर, शेवटी मूठ. निपाणीतल्या म्हाताऱ्यांवर याचा काही परिणाम होत नाही, आणि त्याला कारण आहे. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी इथल्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं होतं. त्याचा शेवट गोळीबारात झाला, आणि त्यावर विनोद करण्याची माझी छाती नाही. पण त्या रस्त्यावर बसून ज्यांनी शरद जोशींना ऐकलं, ते भाषणाचे फार अवघड गिऱ्हाईक झाले आहेत. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून आलेला तो माणूस आवाज न चढवता उत्पादनखर्चाचा हिशोब मांडायचा, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुसऱ्या दिवशीही तो हिशोब चालू राहायचा. नातू स्टेजवर मूठ आवळून 'बळीराजाच्या घामाला' वगैरे गरजू लागला की हे म्हातारे कान पुढे करून विचारतात, "दर किती म्हणाला?"

भाषणं ऐकायची या भागाला सवय आहे, आणि ती जुनी आहे. १९४६ साली बेळगावला साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे १९६० साली महाराष्ट्र झालाही. भाषणांतून राज्य उभं राहिल्याचं असं उदाहरण क्वचित सापडेल, फक्त भाषणं जिथं झाली तो भाग त्यात आला नाही. आजही कडोलीला, उचगावला, आमच्या कारदग्याला साहित्य संमेलनाचा मांडव माणसांनी भरतो. तेव्हा ऐकणारे संपले, असं कोणी म्हणू नये. बोलायला शिकणारे संपले.

एक विषय मात्र स्पर्धेत चिठ्ठीच्या काळातही कधी ठेवला गेला नाही : सीमाप्रश्न. कारण उघड होतं. मराठी शाळेत त्याची प्रतिकूल चिठ्ठी उचलणारा पोरगा रात्री घरी जेवला असता की नाही, शंकाच आहे. पण खरं सांगायचं तर वादविवाद शिकवायला याच्याइतका चांगला विषय नाही. महाजन आयोगाचंच घ्या. १९६७ च्या अहवालात आयोगानं बेळगाव कर्नाटकात ठेवलं, पण निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं सुचवलं. झालं काय? बेळगाव नाही म्हणून महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला आणि कर्नाटकानं तो मान्य केला. म्हणजे कागदावर बघितलं तर आम्हाला द्यायला तयार असलेलं कर्नाटक आणि अशा अटीवर घ्यायला तयार नसलेला महाराष्ट्र, अशी आमची परिस्थिती. चिठ्ठ्या अदलाबदल झाल्यात असं वाटावं. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून आहे. तिथं पहिली घंटा कोण वाजवणार, हेही ठरलेलं दिसत नाही.

या प्रश्नाला स्पर्धेबाहेर ठेवलं तरी तो भाषणाच्या शेवटच्या ओळीत येऊन बसायचाच. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाचं भाषण 'जय हिंद, जय महाराष्ट्र' म्हणून संपतं. आमच्या मुलाचं 'जय हिंद' इथं संपतं, आणि पुढे अर्धा सेकंद शांतता असते. त्या अर्ध्या सेकंदात हेडमास्तर, केंद्राचे साहेब, मराठीचे सर आणि खिडकीतून बघणारे गावकरी असे सगळे एकदम त्या पोराच्या ओठांकडे बघत असतात. २०१७ साली कर्नाटकाचे तेव्हाचे मंत्री रोशन बेग यांनी 'जय महाराष्ट्र' म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधींचं पद रद्द करणारा कायदा आणू, असं सांगितलं होतं. आमची मुलं लोकप्रतिनिधी नाहीत, पण मास्तरांना पेन्शन घ्यायची असते. त्यामुळे ते शिकवताना सांगत, "जय हिंद म्हण आणि नमस्कार करून सूट."

त्यावर एक सोपा तोडगा निघे. निपाणीच्या वेशीला लागूनच अर्जुननगर आहे, म्हणजे कागल तालुका, जिल्हा कोल्हापूर. तिथलं देवचंद कॉलेज शिवाजी विद्यापीठाचं. निपाणीचा पोरगा चालत कॉलेजला जातो तो रोज परराज्यात शिकायला जातो. तर अंतिम फेरी तिकडे घ्यावी, असा एक पक्ष कायम होता. तिकडे शेवटची ओळ मोकळेपणानं म्हणता येते. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, मग सीमाभागाची स्पर्धा सीमेपलीकडे नेली असं होईल. हा वाद दरवर्षी होई आणि खरं तर तोच स्पर्धेतला सगळ्यात रंगलेला सामना असे.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की स्पर्धा 'राज्यस्तरीय' करावी. राज्यस्तरीय म्हटलं की देणगी मिळते. कुठल्या राज्याच्या स्तरावर, हे निपाणीत विचारायचं नसतं. नवख्यांची अट मुकाट्यानं काढली गेली, खुला गट आला, रोख बक्षीस आलं, आणि कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजहून मोटारसायकलवर बसून कसलेले वक्ते आले. या मंडळींच्या पाठीवर सॅक असते आणि सॅकमध्ये प्रमाणपत्रांची फाइल. कुठल्या परीक्षकाला तुकाराम लागतो आणि कोणाला आकडेवारी, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांचं भाषण एकच असतं, मधल्या कप्प्यात विषयाचं नाव बदलतं. "सर, माझा नंबर लवकर लावा, दुपारी कागलला आहे," अशी विनंती करून ते बोलतात, सभागृह दणाणून सोडतात आणि निकाल फोनवर विचारतात. त्यांचा राग यावा असं त्यात काही नाही. कॉलेजची फी भरायला रात्री काम करण्यापेक्षा बोलणं वाईट नव्हे. पण त्यांच्यानंतर माइकसमोर यायला आमचा सातवीतला पोरगा धजेना. त्यानं खाली बसून टाळ्या वाजवल्या आणि वादविवाद हे मोठ्यांचं काम आहे, असं समजून तो घरी गेला.

सरकारी बाजूनं 'प्रतिभा कारंजी' आहेच. केंद्र, तालुका, जिल्हा अशी चढत जाणारी, भाषणापासून वेशभूषेपर्यंत सगळं असलेली. शाळेत बोलणारं पोर एकच असतं, म्हणून मास्तर त्यालाच दोन्हीकडे घालतात. त्यामुळे मी एकदा झाशीच्या राणीला प्लॅस्टिकबंदीवर बोलताना ऐकलं आहे. तलवार प्लॅस्टिकची होती.

ढालीचं सांगायचं राहिलं. ती फिरती होती, पण एका शाळेच्या कपाटात गेल्यावर तिनं फिरणं सोडलं. तिथले हेडमास्तर म्हणत, स्पर्धा झाली की देतो. समिती म्हणे, ढाल आली की स्पर्धा घेतो. दोन्ही बाजू बिनतोड होत्या. खोडून काढायला कोणी उठलं नाही.

शेवटची स्पर्धा व्हॉट्सअ‍ॅपवर झाली. दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा, विषय 'मोबाईल : शाप की वरदान'. आलेला प्रत्येक व्हिडिओ मोबाईलच्या विरोधात होता. एका व्हिडिओत मुलगी मोबाईलमुळे तुटणाऱ्या नात्यांवर बोलत असताना मागून आईचा आवाज येतो, "हात हलवू नगं, फोन पडंल." मी तिला पहिला नंबर दिला असता, पण निकाल अंगठ्यांच्या संख्येवर होता, आणि ज्याचे नातेवाईक जास्त तो जिंकला.

मध्यंतरी जुन्या मंडळींनी स्पर्धा पुन्हा सुरू करायची म्हणून बैठक बोलावली. मीही गेलो. नवख्यांसाठीच ठेवायची यावर एकमत झालं, म्हणजे त्यावर कोणी बोललंच नाही. मग जागेचा प्रश्न आला, निपाणी की अर्जुननगर, आणि बैठकीत जीव आला. मुद्दे आले, प्रतिमुद्दे आले, १९५६ आलं, पार्किंग आलं. ढालवाले निवृत्त हेडमास्तर निपाणीच्या बाजूनं असे बोलले की मी नकळत मनातल्या मनात मार्क देऊ लागलो. रात्रीचे दहा वाजले तरी पारडं हलेना. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, चिठ्ठी टाका. वहीचा कागद फाडला, दोन चिठ्ठ्या झाल्या, चहा घेऊन आलेल्या मामांना एक उचलायला लावली. अर्जुननगर निघालं. लगेच हेडमास्तर उठले. "अध्यक्ष महाराज, हे मान्य नाही. आमची तयारी निपाणीची होती." पुन्हा काढायचं ठरलं. पुन्हा अर्जुननगर. मग चिठ्ठ्यांची घडी सारखी नव्हती, अशी हरकत आली. मामा म्हणाले, "आता कंची काढू त्ये आधी सांगा की, म्हंजे कप घिऊन जातो."